मुंबईचा ड्रमवाला

हळदीचं ते गाणं बारामतीपासून इंदापूरपर्यंत जवळजवळ प्रत्येक मांडवात वाजलं. त्यातले ड्रम मी केले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोबाइलवर ते गाणं उघडलं तर खाली गायकाचं नाव आहे, गीतकाराचं आहे, व्हिडिओ काढणाऱ्याचं आहे, नवरीला नटवणारीचंसुद्धा आहे. ड्रमपुढे मात्र लिहिलंय, 'मुंबईचे कलाकार'.

तो मुंबईचा कलाकार म्हणजे मी. कन्हेरीच्या रस्त्याला माझं घर आहे आणि धंदा डाळिंबाचा. बागेत फिरून झाडावरचा माल बघायचा, भाव ठरवायचा, तोडणी करून माल मार्केटला लावायचा. सुरुवात दुसऱ्याच्या गाळ्यावर क्रेट उचलण्यापासून केली, आज स्वतःचा गाळा आहे. कोणी बोट धरून वर आणलेलं नाही. म्हणून माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं की मला सोसत नाही.

ड्रमचं वेड लहानपणापासूनचं. वरातीत सगळी पोरं घोड्याभोवती असायची, मी बँडच्या गाडीमागं, ड्रमवाल्याच्या हातांकडे बघत. शिकायचं राहून गेलं. चार पैसे हातात आले तोवर क्रेट उचलून बोटं आखडली होती. मग कळलं की लॅपटॉपवर ड्रम मांडता येतात. पडद्यावर चौकटी असतात आणि एकेक चौकट म्हणजे वेळेचा एकेक तुकडा. कुठल्या तुकड्यात कुठला ड्रम पडायचा आणि किती जोरानं, ते माउसनं टिपायचं, की संगणक वाजवून दाखवतो. याला मिडी म्हणतात. पुण्यात एका दुकानदाराला अर्धा दिवस छळून मी जुना लॅपटॉप आणला, माडीवरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या आणि बसलो.

पहिलं गाणं वाजवलं तेव्हा बायकोनं खालून विचारलं, "अहो, शेजारी पिठाची गिरणी आली का?"

राग आला, पण ती खरं बोलत होती. ठोके सगळे जागच्या जागी होते आणि तरी ते माणसाचे वाटत नव्हते. का, ते मला मार्केटात समजलं. क्रेटचा वरचा थर एका रंगाचा, एका आकाराचा दिसला की मी सरळ खाली हात घालतो. झाडाला असा माल लागत नाही, तो कोणीतरी बसून लावलेला असतो. माझे ड्रम तसेच लावलेले होते, प्रत्येक ठोका सारख्या जोराचा आणि सारख्या अंतरावर. मग मी ते विस्कटायला शिकलो. हायहॅट म्हणजे ड्रमवाल्याच्या डाव्या बाजूची, पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी. तिचा एक ठोका जड ठेवला, पुढचा हलका. पुढ्यातल्या स्नेअर ड्रमचा ठोका केसभर उशिरा पाडला, म्हणजे गाणं जरा मागं रेलून बसतं. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये नुसती काठी टेकल्यासारखे बारीक ठोके पेरले, जे वेगळे ऐकू येत नाहीत पण काढले तर चुकल्यासारखं होतं. एकच ठोका लागोपाठ आला तर त्याचे आवाज वेगवेगळे घेतले. मार्केट उरकलं की दुपारभर हेच. बायको काही बोलेनाशी झाली, तेव्हा समजलो की जमलं.

गायक बारामतीचाच, तरुण, माझ्याकडे येऊन बसणारा. गाणं आलं आणि खालची नावं वाचून मी त्याला बोलावून घेतलं. तो हसत म्हणाला की डाळिंबवाल्याचं नाव टाकलं तर लोक हसतील, मुंबई लिहिलं की गाण्याला वजन येतं. वर म्हणाला, "अण्णा, हे तर तुमचंच कौतुक हाय की. एका बी माणसाला शंका आली न्हाय."

मी त्याला अर्धा चहा टाकून जायला लावलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा एक दिवस दुपारी एक माणूस मोटारसायकलवरून दारात उतरला. चाळिशीचा असेल. वालचंदनगरला वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता आणि लग्नसराईत इंदापूरच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. गायकाच्या कीबोर्डवाल्यानं त्याला माझा पत्ता दिला होता, ड्रमचं रेकॉर्डिंग इथंच झालं असं सांगून. दारातच हात जोडून म्हणाला, "शेठ, मुंबईचे ड्रमवाले परत कधी यायचेत? एकदाच भेट घालून द्या."

मी त्याला आत बसवलं. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. काय काम आहे विचारलं. म्हणाला, शिकायचंय. शेवटच्या अंतऱ्याआधी ड्रमचा एक लांब रोल आहे, सलग ठोक्यांची सर, तो काही केल्या बसत नाही. मालकानं सांगितलं होतं की लोक गाणं ऐकून बँड ठरवतात, रोल गाण्यात आहे तसाच आला पाहिजे, नाहीतर या सराईला अकलूजचा दुसरा ड्रमवाला बघतो. मालक बोलून मोकळा झाला होता. हा माणूस त्या बँडमध्ये मिसरूड फुटल्यापासून होता.

"दाखवा की कुठं अडतंय," मी म्हणालो.

त्यानं पिशवीतून काठ्या काढल्या आणि समोर पाट, डबा, सुपली मांडून घेतली. तेव्हा मी त्याचं उजवं मनगट बघितलं. क्रेपची पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीवर हळदीचा लेप वाळलेला. त्यानं सांगितलं की रोलभर हायहॅट चालूच राहतो, म्हणून डावा हात तिथं गुंतवून सगळा रोल तो एकट्या उजव्यानं काढायला बघत होता. रोज दुकानातून आल्यावर. मनगट सुजलं तरी थांबला नव्हता.

"त्यो माणूस लईच पोचलेला हाय, शेठ," तो म्हणाला. "कसा करतोय तेवढं एकदा डोळ्यानं बघायचंय."

त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि मी त्याच्या हातांकडे बघत राहिलो. रोल दोन्ही हातांचा होता, टॉम म्हणतात त्या ओळीनं लावलेल्या ड्रमांवर वरच्या लहानापासून खालच्या मोठ्यापर्यंत झरझर उतरणारा. त्या वेगात एका हाताचं ते काम नव्हतं. आणि हायहॅट चालूच. मी मनातल्या मनात मोजलं. उजवा, डावा, आणि हायहॅटवर कोण?

मी उठून माडीवर गेलो, लॅपटॉप खाली आणला आणि त्याच्यासमोर उघडला. हायहॅटची ओळ मी गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओढली होती. रोल नंतर बसवला होता, वेगळ्या ओळींवर. कानाला भरगच्च लागला म्हणून हायहॅट काढला नाही. जोर, उशीर, आवाज, सगळ्यांचा विचार केला होता. पडद्यावर हात दिसत नाहीत, म्हणून हात मोजायचे राहून गेले होते.

मी त्याला सांगितलं की मुंबईचा कोणी नाही, हे मी इथं बसून केलंय, आणि त्या जागी तीन हात लागतात.

तो पडद्याजवळ सरकला. रेघेवर बोट ठेवून त्यानं रोल पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटानं वाचला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"म्हंजी माणूसच न्हाय," तो म्हणाला. "मग मी एवढे दिस कुणाशी झुंजत हुतो?"

बायकोनं चहा आणला आणि त्याच्या हाताला तेल लावायला सांगून गेली. चहा पिता पिता तो जरा सैल झाला. मी विचारलं, तुम्हाला मोकळं सोडलं तर हा रोल कसा वाजवाल? त्यानं दोन्ही हात टॉम म्हणून मांडलेल्या पाट-डब्यावर ठेवले आणि हायहॅटचं काम पायाकडे दिलं, नुसतं 'चिक्, चिक्' असं, मात्रा धरण्यापुरतं. मला ते थोडं रिकामं वाटलं, पण ते वाजत होतं आणि त्याचं मनगट सुखात होतं. मी तिथंच हायहॅटचे वरचे ठोके पुसले, पायाचे टाकले. पायाचा ठोका किती हलका ठेवायचा यावरून आमची थोडी घासाघीसही झाली.

जाताना मात्र त्याचा चेहरा पुन्हा पडला. म्हणाला, आबांना हे पटणार नाही. त्यांना वाटेल, जमत नाही म्हणून कारणं सांगतोय.

मला नाहीतरी दुसऱ्या दिवशी इंदापूरला एका बागेचा सौदा होता. लॅपटॉप घेऊन मी आधी बँडच्या शेडवर गेलो. आबा म्हणजे बँडचे मालक, पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया, खुर्चीतून न उठणारा माणूस. गाडी धुऊन उभी होती, ड्रम वर चढवलेले, आमचा वेल्डर त्यांच्यामागं अवघडून बसलेला. मी सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "गाण्यात वाजलंय म्हंजी वाजतंय. मुंबईच्या माणसाला जमलं, ह्याला बी जमंल."

"मुंबईचा कोणी न्हाय, आबा. ते मी केलंय."

आबा हसले. बँडचा कीबोर्डवालाही हसला. "तुमी डाळिंबं घ्या, शेठ," आबा म्हणाले. "तुमचं त्यात नाव हाय."

इतके दिवस मी ज्याच्या त्याच्यापुढे हे सांगायला तडफडत होतो आणि सांगितलं तेव्हा हे झालं. माझं डोकं फिरलं. शेडमधले सगळे बाहेर येऊन बघतील एवढ्या आवाजात मी आबांना बरंच काही बोललो, त्यातलं निम्मं त्यांच्यासाठी नव्हतंच, गायकासाठी होतं. बोलून झाल्यावर लक्षात आलं की ड्रमवाला मान खाली घालून बसलाय. माझ्या रागानं त्याची नोकरी चाललीच होती.

मग मी आवाज खाली आणला आणि बागेत शेतकऱ्याशी बोलतो तसा बोललो. म्हणालो, आबा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. ह्याला दोन्ही हातांनी रोल वाजवू द्या. हायहॅटवर तुम्ही काठी धरा. मिळून गाण्यातल्यासारखं वाजलं, तर तीन हात लागतात हे कबूल करा. नाही वाजलं, तर अकलूजवाल्याला बोलवा, मी मधे पडणार नाही.

आबा कधीकाळी स्वतः साईड ड्रम वाजवायचे. काठी हातात घ्यायची त्यांची इच्छा नव्हती, पण सगळे बघत होते. ते गाडीवर चढले. कीबोर्डवाल्यानं सूर लावला. रोल आला तेव्हा आबा हायहॅटवर अगदी बरोबर चालले, म्हातारा हात असून, आणि तो हुबेहूब गाण्यातला रोल होता. आबांनी काठीकडे बघितलं, मग ड्रमवाल्याच्या पट्टीकडे.

"मनगट कधी सुजलं रं?" त्यांनी विचारलं.

"झाले थोडे दिस."

"मला सांगायचं न्हाय व्हय?"

ड्रमवाल्यानं हात मागं घेतला. आबा गाडीवरून उतरले, खुर्चीत बसले आणि आता माझ्याशी सौदा करू लागले. ह्याला ठेवतो, दोन हातांनी वाजव म्हणतो. पण लोक मोबाइलवर जुनंच ऐकून येणार आणि मला विचारणार की तुमचा रोल असा लंगडा का. तेव्हा गाणं बदला. नवीन रोल तिथं चढवा. ते करत असाल तर ह्याच्या जागेला हात लावणार नाही.

गाणं गायकाच्या हातात होतं. आबांना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मी म्हणालो, दुसरं काहीही मागा. आबा म्हणाले, दुसरं काही नको.

शेडच्या बाहेर, उसाच्या ट्रॉल्या जात होत्या त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून मी गायकाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला आणि मी बोलायच्या आतच म्हणाला, "अण्णा, मला म्हाईत हाय तुमी कशाला फोन केला. नाव टाकतो."

मी त्याला रोलचं सांगितलं. मनगटाचंही सांगितलं. त्यानं मनगटाचं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला की जुनं गाणं काढता येणार नाही, ऐकणारे तुटतील, पण वरातीचं म्हणून नवीन रूप वेगळं चढवू शकतो, बँडवाल्यांना तेच लागतं. आठवड्यात करतो. आणि ड्रमपुढे काय लिहू, असं त्यानं विचारलं.

सौद्यात मी कधी दोन गोष्टी एका वेळी मागत नाही. दुसऱ्या मागणीमुळे पहिली महाग पडते. पण त्या दिवशी मला खरंच ठरवावं लागलं. रोल त्या माणसाचा होता, बाकी सगळं गाणं माझं. मी वेल्डरचं नाव सांगितलं. गायकानं विचारलं, हे कोण? मी म्हणालो, इंदापूरच्या वरातीत येऊन बघ.

नवीन गाण्यावर वेल्डरचं नाव आहे. त्यानं ते बायकोला दाखवलं, दुकानात दाखवलं, असं आबांनीच मला सांगितलं. जुन्या गाण्याखाली अजून मुंबईचे कलाकार आहेत. त्या फोनवर गायक आपण होऊन नाव टाकतो म्हणाला होता, पण नंतर ते त्याला आठवलं नाही आणि मी आठवण करून देणार नाही. त्याचं पुढचं गाणं माझ्याकडे आलंय. मी निरोप ठेवलाय की आधी नाव, मग ड्रम. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही, मीही त्या गाण्यासाठी लॅपटॉप उघडलेला नाही.

वेल्डर सुट्टीच्या दिवशी येतो. पट्टी सुटलीय. सध्या एका भजनी मंडळाचं काम चालू आहे, त्यात मी एखादी जागा बसवली की तो आधी मांडीवर वाजवून बघतो आणि कधी कधी नुसती नकारार्थी मान हलवतो. मग आमचं भांडण सुरू होतं. बहुतेक वेळा मीच चढ्या आवाजात असतो. माझं होईस्तोवर तो थांबतो आणि परत दोन्ही हात मांडीवर घेऊन ती जागा वाजवून बघतो.