दुसरी पूजा गजानन इंगळे

तुम्ही स्वतःवर शेवटचा संशय कधी घेतला होता?

ती रोज घ्यायची. अकोल्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, सगळ्यांची ताई. पेनाच्या मागच्या टोकाने स्क्रीनवर, स्वतःच लिहिलेल्या ओळीवर टकटक करायची आणि म्हणायची, "मले शक येऊन राह्यला." अमरावतीच्या गाडीची पाटी वाचूनही ती तिघांना विचारायची. "पाटी बदलाची राहून जाते, बावा."

मी पत्रकं वाचत वाढलो. माझा संशय नेहमी खुर्चीवर बसलेल्यावर.

अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहाची गुणवत्ता यादी मी कॉम्प्युटर प्रोग्राम लिहून करून दिली. मध्येच कोणी वशिल्याचं नाव घुसडू नये म्हणून ती टपलमध्ये ठेवली. टपल म्हणजे एकदा केली की बदलता न येणारी यादी. अर्जावरचं नाव टाकायचं, 'इंडेक्स' हा हुकूम त्याची यादीतली जागा सांगतो, तोच क्रमांक अर्जावर. मोजणी शून्यापासून होते, म्हणून मी आठवणीने एक मिळवला होता. तेवढ्यावर मी खूश.

प्रवेश पहिल्या वीस जणींना. पातूरची पूजा गजानन इंगळे ट्रंक घेऊन गेली आणि ट्रंक घेऊन परत आली. तिथला कारकून तिला म्हणाला होता, "तुमचा अर्ज दोनदा आहे, एक खोडला. पूजा इंगळे राहायलाही आली."

मी पेटलो. तिच्या नावावर दुसरीच कोणी घुसवली असणार! 'वसतिगृहात जागा विकल्या!' अशी पत्रकं छापली, निम्मी तिथल्या फाटकावर वाटली, उरलेली क्लासमध्ये आणली.

ताईने एक वाचलं. "कारकुनाले इचारलं का?"

"चोराला काय विचारायचं?"

"असंन चोर. पण आंधी तुह्यी ओळ दाखव." टकटक. "हे नाव यादीत किती डाव हाय?"

"एकदाच असणार, ताई. वडिलांच्या नावासकट आहे."

"वऱ्हाडात गजानन किती हायेत, मोजले का?"

यादीत नाव मोजलं. दोनदा. चांदूर बाजारची पूजा चौथी, पातूरची सतरावी. इंडेक्स पहिलं नाव सापडलं की थांबतो. दोन्ही अर्जांवर त्याने चारच लिहिलं होतं. तेच नाव, तोच क्रमांक. कारकुनाने एक अर्ज खोडला. पातूरच्या पोरीची जागा मी खाल्ली होती.

"फाडून टाकतो," मी पत्रकं उचलली.

"काहून? मांगची बाजू कोरी हाय न? तिथं लिही. अन् त्याच फाटकावर वाट."

प्रत्येक कागदामागे मी हाताने लिहिलं: चूक माझी, सतरावी जागा पातूरच्या पूजाची. कारकुनाने आधी पुढची बाजू वाचली. मी जमिनीकडे पाहत उभा होतो. मग त्याने कागद उलटला, आणि रजिस्टर उघडलं. पूजाला रिकामी राहिलेली खाट मिळाली. सोबत आलेल्या ताईने तरी आत जाऊन खाटा मोजल्या. वीस.

ताई या उन्हाळ्यात वारली. तिच्या टेबलाच्या खणात त्यातलं एक पत्रक निघालं, मागची बाजू वर करून ठेवलेलं.

पत्रकं मी अजून काढतो. खुर्च्यांवरचा माझा संशय गेलेला नाही. फक्त आता मागच्या बाजूला, मी माझं काय तपासलं ते लिहितो. माझं पत्रक हाती आलं, तर आधी उलटून पाहा. मागची बाजू कोरी दिसली, तर मला भर रस्त्यात अडवा आणि म्हणा, "तुह्यी ओळ दाखव."