गावाकडच्या चालू घडामोडी

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात धरला तो सहीपुरता. त्यामुळे ओळी वर-खाली जातात आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चुकतंच. माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या हाती हे पडलं तर ती वाचायच्या आधी लाल पेन शोधील, म्हणून तिला दाखवणार नाही. तिच्या क्लासच्या नोट्सची पानं एकाच बाजूने छापलेली असतात. मागची कोरी बाजू मला टाकवत नाही, तिच्यावर लिहिते आहे. पोरांच्या परीक्षेपायी गाव सोडून दिल्लीच्या एका खोलीत येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या बायकांना, आणि मागे गावी राहिलेल्या माणसांना, मनातल्या मनात.

आम्ही निघालो तेव्हा नांदेड स्टेशनवर दिल्लीवरून अमृतसरला जाणारी गाडी लागली होती. डब्यात गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून परतणारी शीख मंडळी, आणि त्यांच्या मधोमध आमचं ज्वारीच्या पिठाचं पोतं. आम्हाला बसवून द्यायला आलेला माझा थोरला भाऊ, दादा, ते पायाने सीटखाली ढकलत होता. समोरच्या सरदारणीने विचारलं, "भाईसाब, इसमें क्या है?"

"ज्वारी है," दादा म्हणाला. "हमारी बहीण को गहू चलता नहीं."

मला गहू चालतो. पण दादाला तेवढीच हिंदी येत होती आणि त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी मान डोलावली.

अश्विनी लहान असतानाच माझे मालक गेले. तेव्हापासून आम्ही दोघी वसमतजवळच्या गावी दादाच्याच घरी राहिलो. पोरगी हुशार निघाली. पदवी झाली आणि म्हणाली, दिल्लीला जाऊन कलेक्टरची परीक्षा द्यायची. त्या साली दादाच्या हळदीला भाव आला होता. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा असं वहिनीचं कधीपासून चाललं होतं. दादाने ते पैसे क्लासच्या फीला आणि खोलीच्या भाड्याला दिले.

"ओवाळणी समज, शोभे," म्हणाला.

"एवढी मोठी ओवाळणी नसते दादा. उसने दे."

"बरं बाई, उसने."

वहिनी स्टेशनवर आली नव्हती. पण पहाटे उठून धपाटे तिनेच करून दिले. डबा हातात देताना एवढंच बोलली, "वन्सं, म्हणजे पत्र्याखाली अजून दोन-चार उन्हाळे काढायचे म्हणा आम्ही." टोमणा होता, पण खोटा नव्हता. उन्हाळ्यात आमच्या गावी पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

गाडी हलली तेव्हा मी मनाशी ठरवलं की हे पैसे फिटल्याशिवाय त्या घरात पाय ठेवायचा नाही. अश्विनीने आपल्या मनाशी ठरवलं होतं की साहेब झाल्याशिवाय परतायचं नाही. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही, त्यामुळे कुणी कुणाची समजूतही घातली नाही.

करोल बागेच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आम्हाला खोली मिळाली. एक खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. गल्लीत जिकडेतिकडे पाठीवर पिशव्या लावलेली पोरं, चहाच्या टपरीवरसुद्धा घटनेची कलमं. खाली मालकीणबाई राहायच्या, सगळे त्यांना बीजी म्हणत. त्या मला रोज जिन्यात गाठायच्या. "बेटी का क्या हुआ?" मला हिंदी समजायची, पण बोलताना जीभ लटपटायची. मी म्हणायची, "पढती है." तेवढ्यावर महिने काढले. घरी दादाच्या ओसरीवर मी घडाघडा बोलायची. इथे भाजीवाल्यालाही बोट दाखवून भाजी घ्यायची.

अश्विनीने परीक्षा मराठीतून द्यायची ठरवली, आणि त्यामुळे मलाही काम मिळालं. चालू घडामोडींचं मराठी मासिक पोस्टाने यायचं. मागच्या पानांवर प्रश्न, शेवटी उत्तरं. सकाळी मी परात पुढ्यात घेऊन कणीक मळायची, मासिक डब्याला टेकवून ठेवायची आणि एकेक शब्द लावत प्रश्न विचारायची. ती अंथरुणाच्या घड्या घालता घालता उत्तर द्यायची.

"राज्यपालांची नेमणूक कोण करतं?"

"राष्ट्रपती."

"कितव्या कलमाने?"

"एकशे पंचावन्न. आई, हे गेल्या वेळी विचारलं होतंस."

"मग लक्षात आहे का ते बघते. दूध कुणी उतू घालवलं?"

"त्याला कलम नाही."

त्या मासिकामुळे माझं वाचन सुधारलं. परदेशांची नावं वाचताना अडखळायची तेव्हा ती हसायची नाही, फक्त हळू आवाजात नाव पुरं करायची. पोर लहान असताना मी तिला असंच धरून चालवत होते.

या परीक्षेला तीन पायऱ्या असतात. आधी पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत. पहिल्या दोन्ही वेळी ती पूर्वलाच अडकली. तिसऱ्या वेळी मुख्यपर्यंत गेली. दर दिवाळीला दादाचा फोन यायचा, "भाऊबीजेला येतीस ना?" मी म्हणायची, "पोरीचा अभ्यास आहे." पाट रिकामाच राहायचा. वहिनीचे भाऊ येऊन जायचे, त्यांचा आवाज फोनवर ऐकू यायचा. दादाची ओवाळणी पोस्टाने यायची. ती मी खर्च करायची नाही.

चौथ्या वेळी मुलाखतीचं बोलावणं आलं. बीजींनी गल्लीभर सांगितलं आणि पोरीला वाटीभर राजमा पाठवला. मुलाखतीत म्हणे आपल्या जिल्ह्याबद्दल हमखास विचारतात. अश्विनी म्हणाली, "आई, आज मासिक ठेव. मला जिल्ह्यावर प्रश्न विचार."

मला फार आनंद झाला. कारण आमच्या वेळी तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असायचा आणि तो आम्ही ओरडून पाठ केला होता. मी परात बाजूला सारली आणि सुरू झाले, "परभणी जिल्हा. उत्तरेस अकोला आणि बुलडाणा. पूर्वेस नांदेड, यवतमाळ..."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, तो जिल्हा राहिला नाही आता. आपला हिंगोली."

मला काय ते ठाऊक नव्हतं? जिल्हा फुटला तेव्हा मी गावातच होते, रेशनकार्डावरही हिंगोलीच आहे. पण पाठ झालेलं तसंच्या तसं बाहेर आलं. मी म्हटलं, "मग तुझ्या जिल्ह्याचं तूच सांग." ती सांगू लागली. क्षेत्र किती, पाऊस किती, साक्षरता किती, सगळं आकड्यांनी. कयाधू नदी, औंढ्याचं देऊळ, वसमतची हळद. एकही उत्तर चुकलं नाही. पण असं वाटत होतं की ती कुठल्या तरी लांबच्या देशाबद्दल सांगते आहे, जिथे आपण कधी जाऊन आलो नाही.

"हळद शिजवतात कशी, असं विचारलं तर?" ती म्हणाली.

"कढईत," मी म्हटलं. "रानातच चूल करून. तुझा मामा करतो तशी."

तेवढ्यात तिला वाटलं, मामालाच विचारावं. फोन लावून तिने स्पीकरवर ठेवला. "मामा, गावाकडच्या चालू घडामोडी सांग."

"मोठी घडामोड म्हणजे तुझ्या मामीनं कालपासून अबोला धरलाय," दादा म्हणाला. "कारण समजलं की कळवतो."

"मामा, मुलाखत आहे. खरं सांग. हळद कढईत शिजवता ना अजून?"

"कढई? कुठल्या जमान्यात हाईस पोरी? आता वाफेचा कुकर येतो टॅक्टरला लावून. कढई विकली भंगारात."

मग तो सांगतच गेला. बाजाराची बस बंद झाली. शाळेत वरचे वर्ग राहिले नाहीत, पोरं वसमतला जातात. नदीकडच्या वाटेवर पूल झाला. पाराजवळचं लिंबाचं झाड रस्त्यात गेलं. अश्विनी भराभर लिहून घेत होती. मी तिच्या शेजारी बसून ऐकत होते. मधूनच मागून वहिनीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, येऊन बघा की एकदा. फोनवर काय दिसतंय?" दादा म्हणाला, "अबोला सुटला बघ." आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी परात पुन्हा पुढ्यात ओढली. मला त्या लिंबाचं फार लागलं. ते गेलं तेव्हा कुणी कळवलं नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काय होतं.

मुलाखतीच्या दिवशी ती माझी निळी साडी नेसून गेली. परत आली तेव्हा चेहरा वाचता येईना. ताट वाढलं तेव्हा बोलली. जिल्ह्याचे प्रश्न आले, बरे गेले. शेवटी एका बाईंनी सहज विचारलं, घरी शेवटचं कधी गेला होता?

"मग?"

"सांगितलं खरं. दिल्लीला आल्यापासून गेले नाही म्हणून. त्यांनी विचारलं, का? मला सांगता आलं नाही आई."

मी भाकरी तिच्या ताटात ठेवली आणि तव्याकडे वळले. तिला का सांगता आलं नाही ते मला समजत होतं. मलाही सांगता आलं नसतं.

निकालात तिचं नाव नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तेल कोमट केलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बीजी वर आल्या, दारातूनच बघितलं, काही विचारलं नाही. खाली जाऊन कढी-चावल पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेपर नेहमीसारखा आला. तो बंद करायला सांगायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. दुपारी बघते तर ती उठून बसली होती आणि हातात पेन घेऊन पेपर वाचत होती. मी म्हटलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "सवय."

त्या सवयीनेच पुढे पोट भरलं. शेजारच्या खोल्यांतल्या मराठी पोरी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. मग नोएडाच्या एका क्लासने तिला बोलावलं. आता ती चालू घडामोडी शिकवते, आणि त्यांचं महिन्याचं मासिकही तीच काढते. खोली बदलली. नोएडाच्या सेक्टरात दोन खोल्यांचं घर आहे, त्याला बाल्कनी आहे, सूर्य थेट आत येतो. मी तिथल्या पाच-सहा मराठी पोरांना डबा देते. भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा. पहिल्या पगारापासून अश्विनी दर महिन्याला मामाच्या खात्यात पैसे टाकत गेली. दादा दर वेळी फोन करून रागवायचा आणि दर वेळी रागवून झाल्यावर स्लॅबचं काम कुठवर आलं ते सांगायचा.

यंदा शेवटचा हप्ता राहिला. तो मी हातात घेऊन जायचं ठरवलं. अश्विनीला सुट्टी नव्हती. तिने मला गाडीत बसवलं आणि विचारलं, "आई, मामीने विचारलं तर काय सांगशील माझं?" मी म्हटलं, "मास्तरीण झाली म्हणून सांगीन." तिने मान हलवली. बरं वाटलं तिला, मला दिसलं.

गाव मला दादाने सांगितलं होतं तसंच दिसलं. पूल होता, लिंब नव्हता. घरावर स्लॅब होता. पडवीत जिथे आम्ही दोघी झोपायचो तिथे आता पोती रचलेली आहेत. वहिनीने पाणी दिलं, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "बारीक झालात वन्सं. किती दिवस आहात?"

"बस, चार दिन," मी म्हणाले.

"अगं बाई, हिंदी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

किती दिवस, हे पाहुण्याला विचारतात. पण मला वाईट वाटलं नाही. गाडीत शेजारणीला मी सांगितलं होतं, घरी चाललेय. वहिनीला म्हणाले, चार दिवसांनी घरी जायचंय, पोरांचे डबे अडलेत. दोन्ही वेळा मी खोटं बोलले नाही.

भाऊबीजेला दादा पाटावर येऊन बसला. टोपी घालून, अंगात नवा सदरा. मी तबक खाली ठेवलं आणि कमरेची पिशवी काढली. "दादा, हे आधी. मग ओवाळते."

"आत्ता? सणासुदीला हिशोब करतीस?"

"आजच."

त्याने पैसे हातात घेतले आणि तसेच वहिनीकडे दिले. वहिनीने बोटाला थुंकी लावून सावकाश मोजले, पुन्हा एकदा मोजले, आत जाऊन कपाटात ठेवून आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"भरले, वन्सं," ती म्हणाली. "आता ओवाळा."