परसों आलेला माणूस

दादा चार वर्षांपूर्वी कृष्णेच्या बॅकवॉटरमध्ये एकटाच कॅनू घेऊन गेला. कॅनू उलटलेली सापडली, तो सापडला नाही. त्याच कॅनूत मी आणि वहिनी बसलो होतो. त्याच्या वाटेने चार दिवस जायचं, काही कळलं तर ठीक, नाहीतर हैदराबादेतला कुकटपल्लीचा फ्लॅट बंद करून पुण्याला माहेरी जायचं, असं वहिनीने ठरवलं होतं. मला हा बेत मुळीच पसंत नव्हता. पण तिला एकटीला सोडवेना, म्हणून तारनाक्याहून निघताना आईला थाप मारली.

ते पाणी मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. बुडालेल्या झाडांचे नुसते शेंडे वर होते आणि त्यांच्यावर एकही पक्षी बसत नव्हता. आम्ही वल्हं मारलं की मागे कुणीतरी वल्हं मारल्यासारखा आवाज यायचा. काठच्या कड्यावरून आपलाच आवाज परत येतो, असं वहिनी म्हणायची. एकदा आम्ही दोघी थांबलो होतो, तरी आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काठावर शेळ्या चारणारा एक म्हातारा भेटला. तो आमच्याकडे नाही, कॅनूकडे बघत होता.

"परसों ऐसीच नाव में एक साब आए थे," तो म्हणाला. "वो सामने के टापू पो उतरे."

वहिनी पुण्याची. तिच्या लेखी परसों म्हणजे सरळ परवा. ती अशी वल्हवायला लागली की मला तिची बरोबरी जमेना. मी मात्र इथेच वाढले. जामबागच्या शाळेत आमच्या शिपायाने मुलीचं लग्न परसों झालं म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच मुलीची मुलगी पहिलीत होती. हैदराबादेत काल सोडला तर मागचा कुठलाही दिवस परसोंच. हे तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण माझ्याही मनात वेडी आशा उठली होती. किती दिवस झाले, एवढं म्हाताऱ्याला विचारायचा मला धीर झाला नाही.

टापूवर तीन दगडांची चूल होती. वहिनीने राखेत हात घातला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मीही हात घातला. खरंच गरम होती. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतंच. कोळी येऊन गेले असतील, असं मी म्हणाले. वहिनी तोवर दादाला हाका मारत पुढे गेली होती. या हाका कड्यावरून परत आल्या नाहीत.

तेवढ्यात मला कडुनिंबाला बांधलेली निळी दोरी दिसली. तंबूची. गाठ दादाचीच, दुहेरी फासाची, आम्हा दोघींना त्यानेच शिकवलेली. खोड दोरीवरून वाढलं होतं, अर्धी दोरी सालीच्या आत गेली होती. मी झाडाला पाठ लावून उभी राहिले. वहिनी परत आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता की मला ते सोसवेना. मी बाजूला झाले.

तिने दोरीवरून बोट फिरवलं.

"वहिनी, परसों म्हणजे आमच्याकडे कधीही," मी म्हणाले.

तिने गाठ ओढली, ती लगेच सुटली. दोरी मात्र सालीतून निघेना. बऱ्याच वेळाने तिने हात काढला.

"मी परवा पुण्याला जाते," ती म्हणाली.

कुठल्या परवा, ते मी विचारलं नाही.