सत्यशीलाबाईंचं टेबल

भागवत सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाच्या जिवाला असली टोचणी लागत नाही.

नागापूरच्या एमआयडीसीत त्याच्या वर्कशॉपमध्ये सत्यशीलाबाई अकरा वर्षं चेकिंगच्या टेबलावर होत्या. मशीनवरून उतरलेल्या पार्टच्या कडेवरून त्यांचं बोट फिरलं की केसाएवढी बरसुद्धा, म्हणजे कडेला राहिलेली बारीक धार, सुटायची नाही. त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही. मग छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि सात महिन्यांनी बाई डोक्याला रुमाल बांधून कामावर हजर!

भागवतला भरून आलं. केमोनं बोटं बधिर होतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. बाईंच्या हातून चूक झाली आणि मालकानं चार लोकांत बोल लावला तर? त्यानं परस्पर ठरवून टाकलं. टेबलावर दुसरी मुलगी बसवली. बाईंना स्टोअरच्या दाराशी खुर्ची, वर पंखा. "ताई, तुम्ही नुसतं बसून राहा. पगार चालूच राहील." सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि गडी फुलला. डब्याच्या सुट्टीत बाई त्या खुर्चीवर एकट्याच जेवायच्या, तेही त्याला आरामातच जमा वाटलं.

विसाव्या दिवशी बाई आल्याच नाहीत. आठवडाभर वाट बघून भागवत बोल्हेगावला त्यांच्या घरी गेला.

"काय कमी पडलं, ताई?"

बाईंनी फळीवरची डबी काढली. आत देवाच्या वातींचा कापूस आणि भंगारातला एक पार्ट. त्यांनी कापसाचा बोळा कडेवरून हळू फिरवला. एका जागी तंतू अडकला. भागवतनं तिथं बोट लावलं. बर होती, पण त्याच्या धडधाकट बोटालाही जेमतेम लागली.

"तीन म्हैने घरी ह्योच सराव केला. पयल्याच दिवशी तुमाला दावायचं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खुर्ची आदीच टाकलेली हुती, भाऊ."

"उद्यापासून टेबल तुमचं," भागवत घाईघाईनं म्हणाला.

"दुसऱ्या कंपनीत लागले सोमवारपास्नं. पगार कमी हाय. पर तिथल्या म्याडमनी आदी इचारलं, काय काय जमंल तुमाला?"

भागवत खाली मान घालून बसला. एवढं साधं विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.