उत्तरेचं दार

आमच्या घराचं दार उगवतीला आहे, आणि ते तिथे काढायची अक्कल म्हणे माझ्या सासऱ्यांची. गावात आजही कुणी घर बांधायला काढलं की जुनी माणसं आमच्या टेकडीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, बुढ्यानं किती पुढचं पाहिलं होतं. मी हे चुलीपुढे बसून इतकी वर्षं ऐकलं की भाकरी करपल्या. सासरे जाऊन आता बरेच दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, खरं तेवढं सांगते. लिहायला मी उशिरा शिकले, मुलाच्या पाटीवर. भांडायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.

कापसाला भाव चढला ती वर्षं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून पटायचं नाही. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळे आमच्या वऱ्हाडाच्या मागे लागले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की जो तो पऱ्हाटी लावतो आहे आणि अमरावतीहून आलेला प्रत्येक गाडीवान भाव सांगताना आवाज खाली आणतो आहे. आमच्या मळ्यातली वांगी गेली, मिरची गेली, ज्वारी निम्म्यावर आली, शेताच्या कडेच्या धुऱ्यावरची तूरसुद्धा उपटली. कुणब्याच्या घरात मी हिरवी मिरची हिवरखेडच्या बाजारातून मागवत होते. कापूस कानामागून आला नि तिखट झाला, आणि घरात तिखट म्हणून उरलं नाही.

गावाची जमीन दोन रंगांची असते. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंत काही धरत नाही. आमचं घर पांढरीत, गाडीवाटेला लागून, पुढे मोठं अंगण. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला कापूस भरून ठेवायला तसलीच जागा हवी होती. सासऱ्यांनी दिली. एका दुपारी दिली, आणि संध्याकाळी जेवताना आम्हाला सांगितलं. माणसांनी जायचं कुठे असं मी पदराआडून विचारलं, तर म्हणाले, आपलं बरड पडलंच आहे.

बरड म्हणजे गावाच्या उत्तरेला, सातपुडा जिथे पहिली पायरी टाकतो तिथला खडकाळ तुकडा. उतार असा की शेळ्यासुद्धा आडव्या चरत. तिथे कापूस होत नव्हता, एवढाच त्या जागेचा गुण. घर कापसाला आणि माणसं बरडाला, हा हिशेब घरात कुणालाच विचित्र वाटला नाही, याचा मला अजून संताप येतो.

आणि घरात माझी सासू होती. तिचे डोळे हळूहळू गेले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला उजेड कळायचा, पुढे तोही कळेना. पण त्या घरात तिला डोळ्यांची गरज नव्हती. माजघराच्या भिंतीला हात लावून निघायची ती परसात, विहिरीच्या काठाला, तिथून तुळशीपाशी आणि मग ओट्यावर. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखायची आणि नावानिशी शिव्या घालायची. आमचं दोघींचं पटायचं असं कुणी समजू नये. भाकरीच्या जाडीवरून तिने मला जेवढं रडवलं तेवढं माझ्या आईच्या मरणानंही रडवलं नाही. पण दिवसातून चार वेळा ती आपल्या पायांनी घराबाहेर पडायची, आणि तेवढ्यासाठीच ती जगत होती, हे मला दिसत होतं.

घराचा बेत ओट्यावर ठरला. सासरे, माझा नवरा आणि एलिचपूरहून बोलावलेला गवंडी. सासऱ्यांनी सरकीची मूठ घेऊन ओट्यावर भिंती मांडल्या. ही पडवी, हे माजघर, ही देवाची जागा. सपाट ओट्यावर उतरणीचं घर. मी ताक द्यायला गेले आणि वाकून पाहिलं. दार उत्तरेला होतं, डोंगराकडे तोंड करून.

का, तर उतार दक्षिणेकडे. टेकडीवरून समोर पाहिलं की सगळं वऱ्हाड दिसतं, पण ते दक्षिणेला, आणि तिकडे दार नको. "दक्षिनेले दार म्हंजे यमाले आवतन," असं सासरे म्हणाले, आणि त्यावर मीही काही बोलणार नव्हते. पश्चिमेला नाल्याची दरड. राहिली पूर्व. तिथे सासऱ्यांनी सरकीची एक भली मोठी चौकट मांडली होती. गाडी चढू शकेल अशी वाट त्याच बाजूला, म्हणून तिथे कापसाची खोली. भाव आणखी चढेपर्यंत आपला कापूस धरून ठेवायला. उगवतीचं ऊन, वारा, सपाटीचा जो काय थोडाफार पट्टा होता तो, सगळं कापसाला. माणसांना दार डोंगराच्या तोंडात.

हे लोक काळीतले. यांच्या सात पिढ्यांनी पाणी साचताना पाहिलं, धावताना पाहिलं नाही. माझं माहेर डोंगरातलं. आमच्याकडे घर बांधताना आधी विचारतात पाणी कुठून येईल, आणि मग देव कुठे बसेल ते. ताकाचं भांडं हातात घेऊनच मी म्हणाले, मामाजी, डोंगराकडं दार केलं तं सारं पानी घरात येईन. ते वरही न बघता म्हणाले, माहेरचं शहाणपण माहेरी ठेवावं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सरकीचा एक दाणा सरळ करत होता.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याला सगळं कळत होतं. माझ्या माहेरी त्याने दोन पावसाळे पाहिले होते. तो म्हणाला, बाप आहे, आपण काय बोलणार. मी म्हणाले, तुमची आई त्या दारातून बाहेर कशी पडेल ते तरी विचारा. तो म्हणाला, बघू. आमच्याकडे पुरुषांचं बघू म्हणजे नाहीच असतं, फक्त त्याला आवाज नसतो.

आखणीचा दिवस चैत्रातला होता. पाऊस यायच्या आत भिंती उभ्या राहायला हव्या होत्या. गवंड्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि दोरीवरून राख सोडली. सासूला दोघांनी धरून वर आणलं होतं, कारण नव्या घरात घरधनिणीचं पाऊल आधी पडावं. तिला राखेच्या रेघांमधून फिरवलं. इथे चूल, इथे तू निजशील, असं सासरे सांगत होते आणि ती ऐकत होती. तिची जागा दक्षिणेच्या टोकाला होती, खालच्या अंगाला. मग ती म्हणाली, दार दाखवा.

दाराशी नेलं. तिने धरणाऱ्यांचे हात झटकले आणि एक पाय राखेच्या पलीकडे टाकला. समोर चढ होता. पाय कुठे टेकेना. तिने तो मागे घेतला, डावीकडे टाकून पाहिला, तिथे खडक. उजवीकडे टाकला, मुरूम घसरला. ओट्यावर बसून गावाला शिव्या घालणारी ती बाई तिथे एका पायावर उभी राहिली, हात हवेत धरून, भिंत शोधत. भिंत कुठली असणार, नुसती राख होती.

"इथून मी भायेर कशी निंगू?" तिने विचारलं.

"तुले कशाले भायेर निंगा लागते?" सासरे म्हणाले. "घरात बसून राह्य."

ते काही रागाने बोलले नव्हते. बैलाला गोठा दाखवावा तसं, समजावून बोलले. रागाने बोलले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. सासूला तिच्या जागेवर नेऊन घोंगडीवर बसवलं. इतक्या वर्षांत ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते मी सगळं करून चुकले होते. म्हणून मी सुलटा घडा घेतला. पायथ्याच्या विहिरीवर गेले, घागर भरली, डोक्यावर घेतली आणि चढले. धापा टाकत सगळ्यांच्या देखत आखणीच्या वर गेले, जिथून पावसाची ओघळ उतरल्याची खूण दिसत होती तिथे, आणि घागर उपडी केली. पाणी दारापर्यंत आलं, दोन हात आत गेलं आणि जमिनीनं पिऊन टाकलं. सासरे हसले. झालं का, म्हणाले.

मी दुसरी आणली. ती माजघरापर्यंत गेली. सासऱ्यांचं हसू गेलं. भिंती झाल्यावर पाणी अडेल, असं ते गवंड्याला म्हणाले. गवंडी शहाणा माणूस, पोटासाठी इतका वेळ गप्प होता, तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भिंत अडवते, पाटील. दार नाई अडवत." तिसरी घागर घेऊन मी चढत होते तेव्हा तोंडाने मी काय काय बोलत होते ते मला आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. तिसरी देवाच्या जागेवरून गेली.

चौथीला मी खाली उतरले तर नवरा मागून आला. त्याने घागर माझ्या हातातून घेतली, भरली आणि खांद्यावर टाकून चढला. पुरुषाने पाणी वाहायचं, तेही बापाच्या देखत. लोक म्हणतील, किती चांगला नवरा. मी तेव्हाही चिडले होते आणि आजही चिडलेली आहे. त्याने ओट्यावर तोंड उघडलं असतं तर एक थेंब पाणी लागलं नसतं.

त्याने घागर उपडी केली. जमीन आता भिजलेली होती, पाणी थांबलं नाही. दारातून आत आलं, माजघर ओलांडलं, देव ओलांडले आणि खालच्या अंगाला बसलेल्या सासूच्या घोंगडीखाली शिरलं. ती दचकली. तिने हात खाली लावला, ओली बोटं नाकाशी नेली.

"हे पानी कुठून आलं?"

"मी वतलं, माय," नवरा वरून म्हणाला. "वरतं."

"वरतं वतलं, तं माह्यापर्यंत कसं आलं?"

सासरे राखेच्या रेघेवर उभे होते, पायाखालची रेघ भिजून काळी झाली होती. उत्तर तिनेच दिलं.

"दारातून आलं," ती म्हणाली. "पान्याले दार सापडलं. मले नाई सापडलं."

दुपारपर्यंत सासरे खाली मळ्यात जाऊन बसले. मग वर आले आणि आपल्या पायाने पूर्वेकडची कापसाच्या खोलीची रेघ पुसायला लागले, आणि पुसता पुसता म्हणाले की गावचे जोशीबुवा पहिल्यापासून उगवतीचंच सांगत होते. जोशीबुवा त्या बरडावर कधी चढले नव्हते. मी तोंड उघडणार होते, पण सासूने माझ्या लुगड्याचा काठ धरून खाली ओढला. बैल जायच्या आधी झोपा होत होता. मी गप्प बसले. तेवढ्या एका गप्प बसण्यावर सासऱ्यांची कीर्ती उभी आहे.

कापसाची खोली दरडीच्या बाजूला गेली. गाडी तिथे पोचत नसे, गाठोडी डोक्यावरून न्यावी लागत, आणि त्याची कुरकुर सासऱ्यांनी भाव उतरेपर्यंत केली. घराच्या वरच्या अंगाला मी चर खणवून घेतला, गवंड्याच्या मागे उभं राहून. दारापुढे दगडांचा बांध घालून एक सपाट पट्टी केली, भिंतीला धरून, टोकाला पाण्याचा रांजण आणि त्याच्या पलीकडे तुळस. पट्टी अरुंद झाली, याचाही मला राग आहे.

राहायला गेलो त्या दिवशी सकाळी मी रांजण भरत होते. सासू आतून आली. उंबऱ्यावर थांबली, पाय बाहेर टाकला, तो टेकला. मग हाताने भिंत चाचपत, दर पावलाला थांबत, ती रांजणापर्यंत आली. मी हात दिला नाही. दिला असता तर तिने मारला असता. तिने वाटी बुडवली, पाणी प्याली, तोंड पुसलं, पाणी गढूळ आहे म्हणून मला बोलली, आणि मग डोंगराच्या वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली.

"जाय," ती म्हणाली. "तुह्या सासऱ्याले सांग, मी भायेर आली."

मी हातातली घागर तिथेच ठेवली आणि गेले. सासरे दरडीकडच्या खोलीत कापूस रचत होते. मी दारात उभी राहिले आणि पदर सावरायच्या आधी सांगितलं, मामाजी, आत्याबाई भायेर आल्या.

"कोनासंगं?" त्यांनी विचारलं.

"एकल्याच," मी म्हणाले.