आत्याने जिंकलेली सकाळ

यवतमाळ जिल्ह्यात सिनेमा पाहणारे पुष्कळ आहेत. सिनेमाला पाहून घेणारी एकटी माझी आत्या. नायिका रडू लागली की आत्या भरल्या थिएटरात तिला समजावते, "रडून काय होते बाई, तोंड धू आन् कामाले लाग." सिनेमा संपला तरी तो तिच्या अंगातून लवकर उतरत नाही. कोर्टकचेरीचा एक सिनेमा पाहिल्यावर दिग्रसहून येताना एसटीच्या कंडक्टरने तिला 'जरा पुढे सरका' एवढंच म्हटलं, तर तिने यवतमाळ येईपर्यंत त्या बिचाऱ्याची उलटतपासणी घेतली. उतरताना तो तिला 'वकीलबाई' म्हणाला. आत्याने ते मान्य केल्यासारखी मान हलवली. हेरगिरीचा सिनेमा पाहिला त्या आठवड्यात तर ती दूधवाल्याशीसुद्धा कुजबुजून बोलत होती.

अशा बाईला मी टेनिसचा सिनेमा दाखवला. बायकांना खेळ जमत नाही म्हणणाऱ्या एका पुरुष खेळाडूला एक बाई भर मैदानात हरवते, अशी त्याची गोष्ट. आत्या शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. संपल्यावर तिने विचारलं, "हे खरंच झालतं का?" मी हो म्हणालो. "मंग आपल्या इथं काहून नाही होत?" एवढं बोलून ती झोपायला गेली.

यामागे एक जुनं दुखणं होतं. आमच्या कॉलनीजवळच्या क्लबात टेनिसचं एक मुरमाचं कोर्ट आहे. सकाळ-संध्याकाळ ते पुरुषांचं आणि दुपारी जेवणानंतर महिलांचं, असा तिथला रिवाज. आमच्याकडे उन्हाळ्यात त्या वेळी कावळादेखील फांदी सोडत नाही. तरी आत्या आणि तिच्या चार मैत्रिणी डोक्याला ओले रुमाल बांधून खेळत. आत्या कॉलेजात बॉल बॅडमिंटन गाजवलेली. मनगट अजून शाबूत होतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने टेनिसची रॅकेट हाती धरली, आणि ऊन-ताप न बघता ती शिकली.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी ती क्लबच्या सेक्रेटरींकडे गेली. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. सगळे त्यांना साहेबच म्हणत. आठवड्यातल्या निम्म्या सकाळी बायकांना द्या, असं तिने सांगितलं. साहेब सज्जन माणूस. हसून म्हणाले, "ताई, सकाळचा खेळ जरा वेगाचा असतो."

"मंग तुमचा वेगच पाहू," आत्या म्हणाली. "एक सेट. मी जिंकली तं निम्म्या सकाळी आमच्या. हरली तं दुपारही तुम्हीच घ्या."

चार माणसांदेखत हे झाल्यामुळे साहेबांना मागे फिरता येईना. मैत्रिणी मात्र हबकल्या. होती ती दुपारही ही बाई घालवणार, म्हणून त्यांनी तिच्याशी अबोला धरला. आत्याने तेवढ्या वेळात सर्व्हिसचा सराव केला.

थंडीतला रविवार होता. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट आणि अंबाड्यावर कशीबशी बसवलेली टोपी, अशा थाटात आत्या कोर्टावर उतरली. क्लब झाडून जमला होता. साहेबांची सर्व्हिस तोफेच्या गोळ्यासारखी. पहिले गेम त्यांनी पटापट घेतले. माझ्या आईने कळंबच्या चिंतामणीला नवस बोलायला सुरुवात केली. आत्या पाणी प्यायला आली तेव्हा मी तिला थोडं सांभाळून खेळायला सांगितलं. तिने तोंड पुसलं. "तो बॉलले पळवून राह्यला," ती म्हणाली. "मले त्यालेच पळवाचं आहे."

आणि तिने पळवलं. एक चेंडू जाळीला चिकटून अलगद टाकायचा, साहेब धापा टाकत पुढे आले की पुढचा त्यांच्या डोक्यावरून मागे. साहेब चिडून जोरात मारू लागले आणि चेंडू जाळीत जाऊ लागले. अबोला धरलेल्या मैत्रिणी टाळ्या वाजवताना मी पाहिल्या. बरोबरी झाली, मग आत्या पुढे गेली. शेवटच्या गुणाला तिने उंच उडवलेला चेंडू मागच्या रेषेपाशी पडला. पंचाला काही सांगता येईना. साहेब स्वतः मागे गेले, वाकून मुरमावरची खूण पाहिली आणि म्हणाले, "आत आहे. ताई जिंकल्या."

बायका कोर्टावर धावल्या. आत्याने सिनेमातल्यासारखी रॅकेट उंच फेकायला हात उचलला, पण रॅकेट नवी आहे हे आठवून तो खाली घेतला आणि साहेबांना नमस्कार करायला ती वाकली. साहेबांनी तिला मध्येच थांबवलं आणि हात पुढे केला.

आता सकाळी त्या कोर्टावर बायकांचा असा गलका असतो की कॉलनीत गजर लावावा लागत नाही. साहेब पुढे दर रविवारी आत्याशी खेळायला येत. कधी ती जिंके, कधी ते. यंदा ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. आत्या आम्हा सगळ्यांना हरवते, पण पूर्वीसारखी नंतर तासभर त्या खेळाची गोष्ट सांगत बसत नाही. परवा तिने त्यांना फोन लावला. तब्येत, नातवंडं सगळं विचारून झालं, तरी तिने फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, "साहेब, दिवाळीले या न. येताना बूट आना."