जेवलात? झोपलात? भांडलात?

आम्ही विमानातून जमिनीचे फोटो काढायचो, आणि त्यातला एकही फोटो आज माझ्याकडे नाही. फिल्मचा रोल उतरला की तिथल्या तिथे सील व्हायचा आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या मांडीवर बसून तपासणीसाठी दिल्लीला जायचा. त्यामुळे त्या हंगामातलं आमच्या हाती उरलं काय, तर किस्से. ते सील करायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही जुने लोक भेटलो की एकेक बाहेर पडतो, आणि दर वेळी थोडा अंग धरून आलेला असतो.

साल दुष्काळाचं. नगर जिल्ह्यात कुठे तलाव करता येईल, कुठून पाट काढता येईल, हे ठरवायला सरकारला वरून काढलेले फोटो हवे होते. मुंबईच्या एका लहान कंपनीला ते काम मिळालं. दोन इंजिनांचं विमान, त्याच्या पोटाला भोक, भोकात कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे मी. त्याआधी मी नगरच्या एका स्टुडिओत लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचो. नवी नोकरी लागल्यावर सासऱ्यांनी अभिमानानं विचारलं, "एवढ्या वरून फोटोत माणूस ओळखू येतो का?" म्हटलं, नाही. "मग स्टुडिओ काय वाईट होता?" पुढची कित्येक वर्षं त्यांचा हा प्रश्न कायम होता.

*

आमचे पायलट कॅप्टन साळगावकर. गोव्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे. माळावरच्या जुन्या धावपट्टीशी सकाळी सगळे जमलो की ते इंजिनाआधी माणसं तपासायचे. प्रत्येकाला तीनच प्रश्न. जेवलात? झोपलात? घरी भांडलात?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की त्या माणसाला त्या दिवशी विमानात जागा नाही. "इंजिन बिघडलं तर आवाजावरून कळतं," ते म्हणायचे. "डोकं बिघडलं तर वर गेल्यावर कळतं. जा, मिटवून या."

ही गोष्ट मी कौतुकानं बायकोला सांगितली. ती चूक झाली. त्यानंतर मामेबहिणीचा साखरपुडा आला, भांडण. दळण आणायचं राहिलं, भांडण. मला घरी ठेवायचं असलं की पहाटेच चहाच्या साखरेवरून सुरुवात व्हायची. खोटं बोलायची सोय नव्हती, कॅप्टन चेहऱ्यावरूनच ओळखायचे.

शेवटी एका रविवारी ते स्वतः घरी आले. अतिशय अदबीनं तिला म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्याचे तुमचे कार्यक्रम आधीच कळवाल का? आम्ही उड्डाणं त्याप्रमाणे लावू."

बायको लाजली आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

*

आमचा जमिनीवरचा माणूस सॅम्युअल. सोनईचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते वारल्यावर घरी तो आणि आई, दोघंच. ठरलेल्या जागांवर चुन्याच्या मोठ्या पांढऱ्या फुल्या मारणं हे त्याचं काम. वरून काढलेल्या फोटोत ती फुली दिसली की नकाशा करणाऱ्याला कळतं, हा फोटो नेमका कुठला. सॅम्युअल महिनोन्‌महिने जीपमधून गावोगाव फुल्या मारत फिरला, पण विमानात मात्र कधी बसला नाही. आईनं साफ बजावलं होतं, न्हाई म्हंजे न्हाई.

त्याला एकदा वर जायचंच होतं. आपण मारलेली फुली वरून दिसते कशी, एवढंच बघायचं होतं. पण त्यानं घरी विषय काढला की भांडण, आणि भांडण झालं की कॅप्टनचा नियम आडवा. हंगाम संपला की विमान मुंबईला जाणार, आणि मग सोनईच्या माणसाला विमान कुठलं दिसायला?

*

सॅम्युअलचं दुसरं काम ढग बघायचं. खाली ढगाची सावली पडली तरी फोटो वाया जातो, म्हणून तो ज्या गावात असेल तिथल्या पोस्टातून सकाळी फोन करायचा. आकाश निरभ्र असेल तरच आम्ही निघायचो.

मिरजगावला पहिल्याच दिवशी त्याचा घोटाळा झाला. चहाच्या हॉटेलाबाहेर उभं राहून त्यानं वर बघितलं आणि खुशीत म्हणाला, "झकास. एक ढग न्हाई." बाकड्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे वळून बघायला लागली. पावसानं तोंड फिरवलेल्या गावात हे बोलणं म्हणजे मयताच्या घरी पेढे वाटण्यासारखं. हॉटेलवाल्यानं त्याचा कप उचलून नेला. अर्धा चहा शिल्लक होता.

त्या दिवसापासून तो फोनवर सुतकी आवाजात बोलायला लागला. "न्हाई साहेब. आजबी ढग न्हाई. काय करावं." त्यामागे एक उसासा.

कॅप्टन गोंधळले. "सॅम्युअल, बातमी चांगली आहे की वाईट?"

"तुमाला चांगली हाय, साहेब. हितं वाईट हाय. आन मी हितं उभा हाय."

*

नेवाशाकडच्या एका गावात सॅम्युअल एकाच शेतात फुली मारून आला. दोन दिवसांनी आम्ही त्यावरून गेलो तर सगळं शिवार पांढऱ्या फुल्यांनी भरलेलं. बांधावर फुली, खळ्यात फुली, एक तर देवळासमोर. कॅप्टन वाकून बघत म्हणाले, "यातली आपली कुठली?"

झालं होतं असं, की फुली पडली तिथे सरकार विहीर खोदणार, अशी गावात बातमी उठली होती. मग कोण मागे राहील? चुना मिळाला त्यानं चुना वापरला, न मिळाला त्यानं राख.

सॅम्युअल धावत गेला आणि ओळख पटावी म्हणून आपल्या फुलीभोवती एक मोठा गोल काढून आला. दुसऱ्या दिवशी आम्ही वरून बघितलं. सगळ्या फुल्यांभोवती गोल.

मग मात्र त्यानं चावडीवर माणसं गोळा केली आणि खरं ते सांगून टाकलं. "विहीर न्हाई, पाट न्हाई, काय न्हाई. फुलीचा निस्ता फोटो निघनार हाय." एक म्हातारे उठले, म्हणाले, "आदीच सांगायचं हुतं, लेका. चुना फुकट गेला." संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापल्या फुल्या पुसल्या. त्यात आमचीही पुसली.

*

त्या वर्षी जनावरं फार मेली. गावाबाहेर माळावर गिधाडं उतरायची, आणि उन्हं तापली की गोल गोल घिरट्या घेत आमच्या उंचीला यायची. असं एक गिधाड इंजिनात शिरलं की काय होतं, ते कॅप्टननं एकदा आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं होतं. त्यानंतर बराच वेळ कुणी डबा उघडला नव्हता.

त्यामुळे आकाशात गिधाडं दिसली की ते विमान हलवायचे नाहीत. मुंबईहून कंपनीच्या मालकांचा ट्रंक कॉल आला. आकाश निरभ्र आहे, काम अडलंय, विमान उभं का? कॅप्टननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी माझ्याकडून तयार आहे, साहेब. गिधाडांचं काय म्हणणं आहे तेवढं तुम्ही त्यांना विचारून घ्या."

मालकांनी फोन ठेवला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, माळ तापायच्या आत गेलो आणि तो भाग पुरा करून आलो.

*

हंगाम संपला. शेवटचा रोल दिल्लीला गेला, कॅमेरा उतरला, भोकावर झाकण बसलं. कॅमेरा गेल्यामुळे विमानात एक खुर्ची मोकळी झाली. कॅप्टननं रीतसर परवानगी काढली, की निघण्यापूर्वी आमच्या लोकांना आणि घरच्यांना एकेक फेरी मारून आणायची. एका वेळी एकच.

आणि ते मला घेऊन जीपनं सोनईला गेले. सॅम्युअलच्या आईशी बोलायला.

मावशींनी चहा दिला. कॅप्टननं विमान किती सुरक्षित आहे ते सांगितलं, तीन प्रश्न सांगितले, गिधाडांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुमची आई हाय का?"

"नाही. बरीच वर्षं झाली."

"मंग तुमाला काय भ्या," मावशी म्हणाल्या.

कॅप्टननं कप खाली ठेवला आणि आम्ही निघालो. मला वाईट वाटलं ते सॅम्युअलचं. अंगणात उभा होता तो, आणि जीप वळेपर्यंत तसाच उभा राहिला.

पण शेवटच्या दिवशी मावशी आल्या. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, सॅम्युअलच्या पुढे चालत. सगळ्यांना "सलाम" केला आणि विमानाभोवती एक चक्कर मारली. आमचा मिस्त्री भिकू पुसायचं फडकं घेऊन उभा होता. मावशींनी त्याला विचारलं, "ह्यो पंखा बंद पडला तर?"

"दुसरा हाय, मावशी. एकावरबी येतंय."

"आन दुसराबी पडला तर?"

भिकूनं कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टननं आकाशाकडे.

सॅम्युअल पुढे झाला. "आये, एकच फेरी. जाऊ का?"

"खुर्ची एकच हाय न्हवं?"

"व्हय."

"मंग तू थांब हितं." मावशींनी पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. "मी जाते. तू खाली उभं ऱ्हाऊन बग कसं वाटतंय ते."

कॅप्टननं तीन प्रश्न विचारले. मावशी म्हणाल्या, "जेवले. झोपले. आन भांडन आजच मिटवते."

विमान उडालं. सॅम्युअल पट्टीच्या कडेला डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. पहिल्या वळणाला त्यानं माझं मनगट पकडलं. हंगामभर ते विमान त्यानं कितीदा तरी बघितलं होतं, पण त्या दिवशी ते झाडामागे गेलं तेव्हा म्हणाला, "भाऊ, आवाज बदलला का हो? मंगाशी असा न्हवता." मी म्हटलं, तोच आहे. "न्हाई, बदललाय. भिकू, बदललाय का?" भिकू म्हणाला नाही. तरी तो पट्टीवरून पुढे पुढे चालत गेला, नंतर धावायलाच लागला.

विमान उतरलं. पंखे थांबेपर्यंत कॅप्टननं दार उघडू दिलं नाही. मावशी शिडीवरून खाली आल्या. वर काय दिसलं, गाव कसं वाटलं, भीती वाटली का, हे आम्ही विचारत होतो. त्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. सॅम्युअलच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तो अजून धापा टाकत होता.

मग त्यांनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "जा आता."